संरक्षण रिलेशी दुरून संपर्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅनेलमध्ये न्युमेरिकल रिले (फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडायला लावणारं डिजिटल उपकरण) बसलाय, संरक्षण चालू आहे, आणि आता तो नियंत्रण कक्षातून किंवा ऑफिसातून ‘दिसला’ पाहिजे अशी मागणी आली आहे. इथून पुढे जे प्रश्न पडतात ते खाली घेतले आहेत. प्रत्येक कंपनीच्या रिलेचा मेनू वेगळा, त्यामुळे कुठलं बटण दाबायचं ते मॅन्युअलमध्येच बघा. इथे भर आहे तो कुठल्याही रिलेला लागू पडणाऱ्या गोष्टींवर.

संपर्क नसला तर रिलेचं संरक्षण अडतं का?

नाही, आणि अडताही कामा नये. सीटीचा (करंट ट्रान्सफॉर्मरचा) करंट, पीटीचं (पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मरचं) व्होल्टेज, बॅटरीची डीसी आणि ट्रिप कॉइलपर्यंत (ब्रेकर उघडणाऱ्या कॉइलपर्यंत) गेलेली तार, एवढ्यावर रिलेने आपलं काम करायचं असतं. संपर्काची केबल उपटली, स्विच बंद पडला, सर्व्हर गपगार झाला, तरी फॉल्ट आल्यावर ब्रेकर ट्रिप झालाच पाहिजे.

याला अपवाद आहेत, पण ते वेगळ्या जातीचे. लाइन डिफरन्शियल संरक्षणात, म्हणजे ८७एल मध्ये, दोन टोकांचे रिले आपापले करंट एकमेकांना सतत कळवत असतात. तिथे चॅनेल हाच संरक्षणाचा भाग. जाण्याच्या आणि येण्याच्या वाटेत १ मिलिसेकंदाचा फरक पडला, तर रिलेच्या हिशेबात अर्ध्या मिलिसेकंदाची चूक शिरते. ५० हर्ट्झवर ती ९ अंशांची होते आणि नसलेला डिफरन्शियल करंट दिसू लागतो. त्यामुळे ‘नेटवर्कवर जागा आहेच’ म्हणून असा चॅनेल स्काडाच्या, म्हणजे दुरून देखरेख आणि नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेच्या, तारांत ढकलू नये. या पानावरचे बाकीचे प्रश्न फक्त देखरेखीच्या संपर्काबद्दल आहेत.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

करंट-व्होल्टेजचे आकडे दुरून दिसतात हा फायदा सगळे सांगतात, पण त्या कामाला साधा मीटरही पुरतो. खरा उपयोग ट्रिपनंतरच्या पहिल्या १० मिनिटांत होतो. कुठलं फंक्शन चाललं, ५० (तात्काळ ओव्हरकरंट) की ५१ (वेळ घेऊन चालणारा ओव्हरकरंट), कुठला फेज, फॉल्टचा करंट किती, ब्रेकर उघडायला किती वेळ लागला, हे जागेवर न जाता कळलं तर फीडर परत चार्ज करायचा की आधी लाइन बघायला माणूस पाठवायचा, हा निर्णय अंदाजावर राहत नाही.

दुसरा उपयोग कमी बोलला जातो. न्युमेरिकल रिले स्वतःची तपासणी स्वतः करत असतो. आतला बिघाड सापडला की वॉचडॉग कॉन्टॅक्ट सुटतो आणि रिले सेवेतून बाहेर जातो. तो अलार्म कुणापर्यंत पोचत नसेल, तर फीडर संरक्षणाशिवाय चालू आहे हे पुढच्या फॉल्टलाच कळेल. बाकी सगळं बाजूला ठेवून एकच सिग्नल न्यायचा असेल तर तो हा न्या, आणि शक्यतो स्वतंत्र तारेने न्या. मेलेल्या रिलेने आपण मेल्याचं संपर्कातून कळवावं, ही अपेक्षा चुकीची आहे.

प्रोटोकॉल कुठला निवडावा?

प्रोटोकॉल म्हणजे दोन उपकरणांची बोलायची ठरलेली भाषा. आधी समोरची बाजू काय बोलते ते विचारा. स्काडा किंवा आरटीयूला (उपकेंद्रातली माहिती गोळा करून पुढे पाठवणाऱ्या डब्याला) जे येत नाही ते रिलेत असून काही उपयोग नाही.

मॉडबस १९७९ पासून आहे आणि जवळजवळ प्रत्येक रिलेत सापडतो. मास्टर विचारतो, स्लेव्ह उत्तर देतो, संपलं. शिकायला सोपा, पण त्यात घटनेसोबत वेळ पाठवायची ठरलेली पद्धत नाही. दोन पोलिंगच्या, म्हणजे मास्टरच्या दोन विचारण्यांच्या, मधे एखादा सिग्नल येऊन गेला तर मास्टरला पत्ताही लागत नाही. काही कंपन्या इव्हेंटची यादी खास रजिस्टरमध्ये (नंबर दिलेल्या मेमरीच्या कप्प्यांत) ठेवतात, पण ती वाचायची रीत प्रत्येकाची निराळी.

डीएनपी३, म्हणजेच आयईईई १८१५, हा प्रश्न नीट सोडवतो. घटना वेळेच्या शिक्क्यासह रिलेत साठतात, क्लास १, २, ३ मध्ये विभागल्या जातात आणि मास्टरने पोच दिल्यावरच पुसल्या जातात. रिले न विचारताही बातमी पाठवू शकतो. लाइन रोज तुटत-जुळत असेल, मोबाइल मॉडेम असेल, तर माझं मत सरळ डीएनपी३ च्या बाजूने आहे.

आयईसी ६०८७०-५-१०३ हा खास संरक्षण उपकरणांसाठी बनलेला सिरियल प्रोटोकॉल, जुन्या पॅनेलमध्ये अजून भरपूर दिसतो. १०४ हा त्याच कुटुंबातला टीसीपीवर (इथरनेटसारख्या नेटवर्कवर) चालणारा भाऊ, पण तो मुख्यतः उपकेंद्र ते नियंत्रण केंद्र या टप्प्यासाठी. आयईसी ६१८५० मध्ये रजिस्टर नंबरांऐवजी नावं असतात: ओव्हरकरंटला पीटीओसी, मोजमापाला एमएमएक्सयू. नवं उपकेंद्र उभं राहत असेल तर तोच घ्या. चार जुने रिले जोडायचे असतील तर त्याचं कॉन्फिगरेशन शिकण्यात जाणारा वेळ वसूल होणार नाही.

आरएस-४८५ की इथरनेट?

रिलेत इथरनेट पोर्ट असेल तर इथरनेट. एकाच वेळी स्काडा वाचू शकतो, इंजिनियर सेटिंग बघू शकतो आणि घड्याळही जुळवता येतं. आरएस-४८५ ही एका तारेच्या जोडीवरची सिरियल लाइन, तिच्यावर एका वेळी एकच मास्टर. पण जुन्या पॅनेलमध्ये निवडीला वावच नसतो, आणि नीट ओढलेली आरएस-४८५ ची लाइन वर्षानुवर्षं तक्रार न करता चालते.

तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरपर्यंत. स्विचयार्ड ओलांडायचं असेल किंवा दोन इमारतींमध्ये जायचं असेल तर अंतर कमी असलं तरी फायबरच घ्या. अर्थ फॉल्टच्या वेळी उपकेंद्राच्या अर्थिंगचं पोटेन्शियल काही हजार व्होल्टपर्यंत उचलू शकतं. त्या क्षणी यार्डाबाहेर गेलेली तांब्याची तार हे पोटेन्शियल दुसऱ्या टोकाच्या उपकरणापर्यंत, आणि तिथे हात लावून उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचवते.

आरएस-४८५ ची केबल कशी ओढावी?

सगळ्यात जास्त बिघाड याच कामात होतात, म्हणून जरा सविस्तर.

लाइन एका रिलेपासून दुसऱ्याला, दुसऱ्यापासून तिसऱ्याला अशी साखळीने जाते. मधल्या जंक्शन बॉक्समधून चार दिशांना फाटे फोडले की सिग्नल प्रत्येक फाट्याच्या टोकावरून परत फिरतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो. कमी स्पीडला हे कधीकधी चालून जातं, म्हणूनच लोक तसं करतात. मग कुणीतरी बॉड रेट (तारेवर बिट जाण्याचा वेग) वाढवतं आणि दोन रिले गायब होतात.

केबल पिळलेल्या जोडीची, शील्ड असलेली, १२० ओहम इम्पिडन्सची. साखळीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेशन रेझिस्टर. मधे कुठेही नाही. अनेक रिलेत हा रेझिस्टर आतच असतो आणि जंपरने किंवा डिप स्विचने जोडला जातो. मधल्या एखाद्या रिलेचा जंपर कारखान्यातूनच ‘चालू’ आला असेल तर लाइनवर तीन रेझिस्टर होतात. तपासायला सोपं आहे: सगळ्यांची पॉवर काढा, मल्टिमीटर दोन तारांवर लावा. साधारण ६० ओहम दिसले तर ठीक. १२० म्हणजे एका टोकाचा रेझिस्टर नाही, ४० म्हणजे कुठेतरी एक जास्तीचा आहे. एक मिनिटाचं काम आहे, पण प्रोटोकॉल अ‍ॅनालायझर लावून बसलेली माणसंही हे करायचं विसरतात.

शील्ड एकाच टोकाला अर्थ करा आणि मधल्या प्रत्येक पॅनेलमध्ये पुढच्या तुकड्याशी जोडत न्या. दोन्ही टोकांना अर्थ केलं तर दोन अर्थिंगमधल्या फरकाने शील्डमधूनच करंट वाहायला लागतो. शील्ड आणि कॉमन (सिग्नलची संदर्भ तार) एकच समजू नका. आरएस-४८५ चे रिसीव्हर कॉमनच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढ्याच पट्ट्यात नीट काम करतात, त्यामुळे पोर्टवर कॉमनचं टर्मिनल दिलं असेल तर तिसरी तार ओढून ते जोडाच. ‘दोन तारांवर चालतं की’ हे ऐकायला मिळेल. चालतं, पण पॅनेलमधला मोठा कॉन्टॅक्टर ओढेपर्यंत.

एका लाइनवर ३२ युनिट लोड (एक साधं उपकरण म्हणजे एक) आणि कमी बॉड रेटला साधारण १२०० मीटर ही कागदावरची मर्यादा. नव्या चिप पाव किंवा एकअष्टमांश लोडच्या असतात, म्हणून जास्त उपकरणं बसतातही. पण १०-१२ रिलेंच्या पुढे गेलात तर लाइन दोन भागांत तोडा. पोलिंगचा वेग सुधारतो आणि बिघाड शोधायला निम्मी लाइन उरते.

ए आणि बी उलटे लागले तर रिले जळतो का?

जळत नाही, फक्त बोलत नाही. कंपन्यांमध्ये ए-बी च्या नावांबाबत एकवाक्यता नाही. एकाचा ए तो दुसऱ्याचा बी. त्यामुळे नावावर न जाता अधिक-उणे बघा, आणि शंका आली तर दोन तारा अदलाबदल करून पाहा. मात्र एका रिलेपाशी अदलाबदल केली तर तिथून पुढे जाणारी तार तशीच सरळ राहिली पाहिजे, नाहीतर चूक एक घर पुढे सरकते.

रिलेत किमान कुठली सेटिंग भरावी लागतात?

सिरियलसाठी चार: पत्ता, बॉड रेट, पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट), स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण). शिवाय प्रोटोकॉल आणि तो कुठल्या पोर्टवर हवा ते. मॉडबसचा पत्ता १ ते २४७ मध्ये असतो. ० हा सगळ्यांना एकदम सांगण्यासाठी राखीव. मॉडबसच्या नियमाप्रमाणे मूळ पसंती ईव्हन पॅरिटी आणि एक स्टॉप बिट. पॅरिटी नको असेल तर दोन स्टॉप बिट. प्रत्यक्षात ‘नो पॅरिटी, एक स्टॉप बिट’ सर्रास वापरतात. काय वापरता यापेक्षा लाइनवरच्या सगळ्यांचं एकच आहे ना, हे महत्त्वाचं.

नवा रिले पत्ता १ घेऊन येतो. चालू लाइनवर तो तसाच जोडला आणि तिथे आधीच १ असेल, तर दोघं एकदम उत्तर देतात आणि कुणाचंच कळत नाही. आधी पत्ता बदला, मग तार लावा.

इथरनेटसाठी आयपी पत्ता, सबनेट मास्क आणि गेटवे (दुसऱ्या नेटवर्ककडे जाण्याच्या दाराचा पत्ता). गेटवेबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे.

सगळं भरलं, तरी उत्तर येत नाही. कुठून सुरुवात करू?

रिलेपासून, बाहेरच्या दिशेने. ऑफिसातून, फायरवॉलमधून, गेटवेमधून, २०० मीटर केबलमधून विचारून ‘येत नाही’ म्हणण्यात काहीच माहिती नाही. लॅपटॉप आणि यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर घेऊन पॅनेलपाशी जा. तो एकच रिले लाइनवरून सोडवा, थेट जोडा, आणि एकच प्रश्न विचारा. मॉडबसचा सगळ्यात साधा प्रश्न तारेवर असा जातो (आकडे हेक्साडेसिमल):

०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी

पहिला बाइट रिलेचा पत्ता. दुसरा ‘होल्डिंग रजिस्टर वाच’. पुढचे दोन सुरुवातीचं ठिकाण, त्यापुढचे दोन किती रजिस्टर हवीत ते, आणि शेवटचे दोन सीआरसी, म्हणजे संदेश वाटेत बिघडला का ते तपासायचा आकडा. आता तीनपैकी एक गोष्ट होईल.

काहीच आलं नाही, तर रिलेला प्रश्न पोचला नाही किंवा तो आपल्यासाठी आहे असं त्याला वाटलं नाही: पत्ता, बॉड रेट, पॅरिटी, उलट्या तारा किंवा चुकीचा पोर्ट. लॅपटॉपचा कॉम पोर्ट नंबर बदललाय का तेही बघा. यूएसबी कन्व्हर्टर दुसऱ्या भोकात घातला की तो बऱ्याचदा बदलतो. काही रिलेंमध्ये पुढचा पोर्ट वापरात असताना मागचा पोर्ट गप्प बसतो, हेही लक्षात असू द्या.

कचरा आला, म्हणजे बाइट येतात पण सीआरसी जुळत नाही, तर बॉड रेट, पॅरिटी, टर्मिनेशन किंवा दोन रिलेंचा एकच पत्ता.

‘०१ ८३ ०२ सी० एफ१’ असं काही आलं तर खुश व्हा. ८३ म्हणजे ०३ या फंक्शनला नकार, आणि ०२ म्हणजे ‘त्या पत्त्यावर रजिस्टर नाही’. तारा, बॉड रेट, पॅरिटी, पत्ता सगळं बरोबर आहे. फक्त रजिस्टरचा नंबर चुकलाय. लोक हा नकार ‘एरर’ म्हणून वाचतात आणि बरोबर लागलेल्या तारा पुन्हा खोलतात.

उत्तर येतं, पण आकडे वेडेवाकडे आहेत.

आर फेजचा करंट वाय फेजच्या जागी दिसत असेल, तर रजिस्टर एकाने सरकलंय. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं असतं, ते तारेवर ० म्हणून जातं. काही कंपन्या मॅन्युअलमध्येच ० पासून मोजतात, काही १ पासून. एक मागे, एक पुढे वाचून पाहा.

आकडा कोट्यवधीत किंवा शून्याच्या आसपास येत असेल, तर ३२ बिटची किंमत दोन रजिस्टरमध्ये विभागलेली आहे आणि वरचा-खालचा भाग उलटा जोडला जातोय. स्काडामध्ये ‘वर्ड स्वॅप’ चा पर्याय असतो, तो बदला.

आकडा नेमका १०, १०० किंवा सीटी रेशोच्या पटीत चुकत असेल तर स्केलिंग. रिले प्रायमरी (लाइनवरचा खरा करंट) देतोय की सेकंडरी (सीटीतून आलेला छोटा करंट) ते बघा. ४००/१ ची सीटी असेल आणि स्क्रीनवर २०० अँपिअरच्या जागी ०.५ दिसत असेल, तर रिले सेकंडरी देतोय. गुणाकार रिलेत करा किंवा स्काडात, पण एकाच ठिकाणी. दोन्हीकडे झाला की फीडर ८० हजार अँपिअर ओढताना दिसतो.

पॉवरचा आकडा ६५ हजारांच्या आसपास अडकला असेल, तर उणे किंमत चिन्हाशिवाय वाचली जातेय.

दर किती सेकंदांनी पोल करावं?

हिशेब करा, अंदाज नको. ९६०० बॉडला ११ बिटचं एक अक्षर धरलं, तर २० रजिस्टर वाचायला प्रश्नाचे ८ आणि उत्तराचे ४५ मिळून ५३ बाइट लागतात. तारेवर साधारण ६१ मिलिसेकंद. रिलेचा विचार करण्याचा वेळ आणि फ्रेममधली शांतता धरून १०० ते १२० मिलिसेकंद म्हणा. १० रिले म्हणजे सव्वा सेकंदाची फेरी. रजिस्टर विखुरलेली असतील तर प्रत्येक तुकड्याला वेगळा प्रश्न, आणि वेळ दुप्पट-तिप्पट. एका प्रश्नात जास्तीत जास्त १२५ रजिस्टर वाचता येतात, म्हणून लागूनचा पट्टा एकदम उचला.

यात एक मेलेला रिले धरा. टाइमआउट १ सेकंद आणि तीन प्रयत्न असतील तर प्रत्येक फेरीत ३ सेकंद त्याच्यापाशी वाया जातात आणि बाकीचे नऊ विनाकारण मंद दिसतात. दुरुस्तीसाठी रिले बाहेर काढलात की मास्टरमध्येही तो बंद करा.

सिरियल ते इथरनेट कन्व्हर्टर लावला. पिंग होतो, डेटा येत नाही.

पिंग कन्व्हर्टरला होतो, रिलेला नाही. एवढं ध्यानात घेतलं की निम्मा गोंधळ मिटतो.

उरलेला निम्मा मोडचा असतो. मॉडबस टीसीपीमध्ये ७ बाइटचं हेडर असतं आणि सीआरसी नसतो. मॉडबस आरटीयूमध्ये (सिरियल तारेवरच्या मॉडबसमध्ये) सीआरसी असतो आणि हेडर नसतं. कन्व्हर्टर ‘गेटवे’ मोडमध्ये असेल तर तो हा अनुवाद करतो, आणि स्काडाने पोर्ट ५०२ वर मॉडबस टीसीपी बोलायचं. कन्व्हर्टर ‘पारदर्शक’ मोडमध्ये असेल तर तो आलेले बाइट जसेच्या तसे तारेवर सोडतो, आणि मग स्काडानेच टीसीपीवरून आरटीयू बोलायला हवं. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं, ही नेहमीची जोडी. रिलेच्या कंपनीचं सेटिंग सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर पारदर्शक मोड लागतो, आणि तो ‘रॉ’ हवा; टेलनेट निवडलं तर काही खास बाइट मधेच गिळले किंवा बदलले जातात.

पॅनेलजवळच्या स्विचवरून रिले दिसतो, ऑफिसातून नाही.

बहुतेक वेळा रिलेत गेटवे भरलेला नसतो. ऑफिसातला प्रश्न रिलेपर्यंत पोचतो, पण उत्तर कुठल्या दाराने बाहेर पाठवायचं हे रिलेला ठाऊक नसतं. त्यानंतर सबनेट मास्क, मग फायरवॉल. कुठला पोर्ट उघडायचा हे आयटीवाल्यांना नेमकं सांगा: मॉडबस ५०२, डीएनपी३ २००००, आयईसी १०४ ला २४०४, ६१८५० च्या एमएमएसला (स्काडाशी बोलण्याच्या भागाला) १०२. ‘रिलेसाठी सगळं उघडा’ असं सांगू नका. ते खरंच उघडतात.

६१८५० चे गूज संदेश मात्र राउटर ओलांडत नाहीत, ते थेट इथरनेट पातळीवर चालतात. ते एकाच लॅनमध्ये, रिले ते रिले, काही मिलिसेकंदांत पोचण्यासाठी आहेत.

मोबाइल सिमच्या मॉडेमवर चालेल का?

देखरेखीसाठी चालेल. साध्या सिमवर बाहेरून मॉडेमपर्यंत पोचता येत नाही, कारण ऑपरेटर अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतो. ‘स्टॅटिक पब्लिक आयपी घेऊ’ हा सुचणारा उपाय सगळ्यात वाईट; खाजगी एपीएन (ऑपरेटरकडचं फक्त आपल्यासाठीचं बंद नेटवर्क) घ्या, किंवा मॉडेमने स्वतःहून केंद्राकडे व्हीपीएन जोडावा अशी रचना करा.

मोबाइलवर उत्तराला अर्धा-एक सेकंद सहज लागू शकतो आणि बाइटमध्ये मधेच खंड पडतो. आरटीयूमध्ये साडेतीन अक्षरांएवढी शांतता म्हणजे फ्रेम संपली असा अर्थ असल्याने पारदर्शक मोड इथे दगा देतो. गेटवे मोडमधला कन्व्हर्टर रिलेपाशीच ठेवा आणि मोबाइलवरून टीसीपी न्या. अँटेना लोखंडी पॅनेलच्या बाहेर काढा.

आणि मॉडेमला सप्लाय कुठून? भिंतीवरच्या एसी सॉकेटमधून दिला तर ज्या ट्रिपची बातमी हवी त्याच ट्रिपमध्ये मॉडेम बंद होऊ शकतो. स्टेशन बॅटरीवरून डीसी-डीसी कन्व्हर्टर लावून द्या.

वेळ जुळवणं इतकं महत्त्वाचं आहे का?

एका रिलेसाठी फारसं नाही. पण एका फॉल्टवर चार रिले पिकअप झाले (फॉल्ट ओळखून जागे झाले) आणि आधी कोण ट्रिप झाला हे ठरवायचं असेल, तर सगळ्यांची घड्याळं मिलिसेकंदात जुळलेली हवीत. मॉडबसवरून वेळ लिहिण्यात दहा-शेकडो मिलिसेकंद इकडेतिकडे होतात. एसएनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) काही मिलिसेकंदांत बसतो आणि इथरनेट असेल तर फुकट मिळतो. आयआरआयजी-बी या वेळेच्या सिग्नलला वेगळी तार लागते, पण तो मायक्रोसेकंदांच्या घरात जातो. त्याच्या जुन्या प्रकारात वर्ष नसतं, फक्त वर्षातला दिवस असतो; घड्याळ काटेकोर असूनही इव्हेंटवर भलतंच वर्ष दिसलं तर हे कारण. सगळे रिले यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवायचे की स्थानिक वेळेवर, हे एकदाच ठरवा आणि लिहून ठेवा.

फॉल्टचा रेकॉर्ड उतरवायला इतका वेळ का लागतो?

२०० किलोबाइटची फाइल ९६०० बॉडवरून यायला नुसत्या तारेवर साडेतीन मिनिटं लागतात. प्रश्न-उत्तरांचा भार धरला तर त्याहून बराच जास्त, आणि तेवढा वेळ पोलिंगही खोळंबतं. इथरनेटवर हेच काही सेकंदांत होतं. रेकॉर्ड कॉमट्रेड या फॉल्ट रेकॉर्डच्या प्रमाणित स्वरूपात घ्या. सीएफजी आणि डॅट या दोन्ही फाइल लागतात. अनेक जण फक्त डॅट पाठवतात आणि समोरच्याला कुठला चॅनेल कशाचा हे कळायला मार्ग राहत नाही. बऱ्याच रिलेंत नवा रेकॉर्ड सर्वांत जुन्यावर लिहिला जातो. वादळी रात्री ट्रिपमागून ट्रिप झाल्या तर सकाळपर्यंत पहिला रेकॉर्ड उरणार नाही, म्हणून उतरवणं आपोआप होईल असं करा.

सेटिंग दुरून बदलावीत का?

वाचावीत जरूर. महिन्यातून एकदा सगळ्या रिलेंची सेटिंग वाचून मंजूर फाइलशी ताडून पाहणं हा दुरून संपर्काचा उत्तम उपयोग आहे. बदलण्याबाबत मी कडक आहे. नवी सेटिंग स्वीकारताना अनेक रिले काही क्षण संरक्षण थांबवतात किंवा पुन्हा सुरू होतात. लिहिता लिहिता संपर्क तुटला तर रिलेत नेमकं काय उरलंय, हे जागेवर गेल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. आणि दुरून बदललेल्या पिकअपची (ज्या करंटला रिले जागा होतो त्या मर्यादेची) सेकंडरी इंजेक्शनने, म्हणजे रिलेत बाहेरून करंट सोडून, चाचणी कोण घेणार? परिस्थितीनुसार सेटिंग बदलावीच लागत असतील, तर आधीच तपासलेले सेटिंग ग्रुप रिलेत ठेवा आणि दुरून फक्त ग्रुप बदला.

ब्रेकर दुरून चालू-बंद करायचा असेल तर?

वाचन काही आठवडे निर्दोष चालल्यानंतर ते घ्या. ‘आधी निवडा, मग चालवा’ हा दोन टप्प्यांचा आदेश वापरा, म्हणजे एका चुकीच्या संदेशाने ब्रेकर हलत नाही. पॅनेलवरचा लोकल-रिमोट स्विच प्रत्यक्ष वायरिंगमध्ये आदेश तोडणारा हवा. फक्त सॉफ्टवेअरमधला ‘लोकल’ पुरेसा नाही. पॅनेलमध्ये हात घालून काम करणाऱ्या माणसाचा जीव त्या स्विचवर असतो. सिंक-चेक (ब्रेकरच्या दोन्ही बाजू जुळतात का याची तपासणी) आणि इंटरलॉक रिलेपाशीच राहू द्या, दुरून आलेला आदेश त्यांच्यामधूनच गेला पाहिजे.

आमचं छोटं उपकेंद्र कोण कशाला हॅक करेल?

मॉडबसमध्ये कोण विचारतंय हे तपासायची सोयच नाही. तारेपर्यंत जो पोचला तो मास्टर. पोर्ट ५०२ इंटरनेटवर उघडा असेल तर तो शोधून काढणारे प्रोग्रॅम अहोरात्र फिरत असतात, उपकेंद्र छोटं की मोठं हे ते बघत नाहीत.

मार्च २००७ मध्ये अमेरिकेच्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीत एका चाचणीत दोन्ही बाजूंचे फेज जुळत नसताना ब्रेकर उघडझाप करून २.२५ मेगावॉटचा डिझेल जनरेटर निकामी करून दाखवला गेला. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमधल्या तीन वितरण कंपन्यांचे ब्रेकर दुरून उघडले गेले, सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. त्या हल्ल्यात उपकेंद्रांमधल्या सिरियल-इथरनेट कन्व्हर्टरचं फर्मवेअर मुद्दाम बिघडवलं होतं, म्हणजे वर दोन-तीन प्रश्नांत ज्याबद्दल बोललो तोच डबा. दुरून काही करता येईना, तेव्हा माणसांनी उपकेंद्रात जाऊन हाताने ब्रेकर घेतले. वर्षभराने कीव्हजवळ वापरलेलं मालवेअर आयईसी १०४ आणि ६१८५० स्वतः बोलू शकत होतं, आणि एका प्रकारचे संरक्षण रिले गोठवण्याचं साधनही त्यात होतं.

करायचं काय? रिले आणि कन्व्हर्टर दोघांचेही कारखान्यातले पासवर्ड बदला. कन्व्हर्टरचा नेहमी राहून जातो. वाचन, सेटिंग आणि आदेश यांचे पासवर्ड वेगळे. न लागणाऱ्या सेवा, विशेषतः टेलनेट, एफटीपी आणि वेबपेज, बंद. बाहेरून येणारा प्रत्येक जण व्हीपीएनमधून एका मधल्या संगणकावर उतरेल आणि तिथूनच रिलेकडे जाईल. लेखन लागतच नसेल तर गेटवेमध्ये लिहिण्याची फंक्शन, म्हणजे ०५, ०६, १५, १६ (हे दशमान आकडे), अडवून टाका. सेवा देणाऱ्या कंपनीचा ‘कायम चालू’ असलेला मॉडेम पॅनेलमागे सापडला तर त्याचा प्लग काढा आणि कोण फोन करतंय ते बघा.

काम पूर्ण झालं असं कधी म्हणायचं?

स्क्रीनवर आकडे दिसले की लोक पॅनेल बंद करतात. त्याआधी एवढं करून घ्या. सेकंडरी इंजेक्शनने तिन्ही फेजला वेगवेगळे करंट द्या, म्हणजे फेजची अदलाबदल लपत नाही. प्रत्येक अलार्म रिलेपासून स्क्रीनपर्यंत एकेक करून उठवा. संपर्काची केबल काढून रिले ट्रिप होतो याची खात्री करा.

केबल काढलेलीच असताना स्क्रीनकडेही बघा. पुष्कळ ठिकाणी शेवटचा आकडा तसाच गोठून राहतो, रंगही बदलत नाही. ऑपरेटरला वाटतं फीडर २१० अँपिअरवर शांत चाललाय, आणि प्रत्यक्षात लाइन तासभरापासून तुटलेली असते. संपर्क गेल्यावर आकडा राखाडी व्हावा किंवा पुसला जावा, आणि ‘रिले संपर्क नाही’ असा वेगळा अलार्म यावा, अशी सोय करून घ्या.

मग पत्ते, बॉड रेट, आयपी, रजिस्टरची यादी, टर्मिनेशन कुठल्या दोन रिलेंवर आहे, शील्ड कुठे अर्थ केलीय आणि रिलेचं फर्मवेअर कुठलं, हे सगळं एका कागदावर लिहून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. पासवर्ड त्या कागदावर नको.